विषय क्रमांक सात

संध्याकाळी सहाची सभा. वाचनकोपऱ्यात
सहा वर्षांच्या मुलांच्या खुर्च्यांवर
नऊ मोठी माणसं, गुडघे हनुवटीपाशी.
यांना गव्हर्नर म्हणतात.
लाल दिवा नाही, बंगला नाही, मानधन नाही,
चहासुद्धा घरून आणलेल्या कपात.
मी कारकून. मत माझं नाही, फक्त पेन.

बाहेर आयरिश समुद्र ओहोटीला लागलेला,
खिडकीच्या काचेवर मिठाचा थर.

हिल्डा टायसन अध्यक्ष. चाळीस वर्षं
या गावाची पत्रं तिने वाटली;
कुणाचा कुत्रा चावरा, कुणाचं फाटक करकरतं, सगळं पाठ.
जमाखर्चाचा कागद मात्र
ती नवख्या गल्लीसारखा वाचते, बोट ठेवून.

डेस्मंड बर्केट बॉयलरवर बोलतो.
गोदीत इंजिनं खोलण्यात त्याची हयात गेली.
म्हणतो, पहाटे पाचला येतो मी, झडप बदलतो,
अजून एक हिवाळा काढेल तो.
"डेस्मंड," हिल्डा म्हणते,
"आपण विचारायचं असतं. करायचं नसतं."
तो आपले हात बघतो,
मग टेबलाखाली ठेवून देतो.

नियम तसाच आहे.
पैसा कुठे गेला, विचारा.
वाचनात सात मुलं मागे का, विचारा.
कोणती सात, ते विचारू नका.
त्रेचाळीस मुलांच्या शाळेत
ते विचारावं लागतच नाही म्हणा.

विषय क्रमांक सात.
तूट अकरा हजार चारशे पौंड.
एक तर बॉयलर,
नाही तर मिस फॅरलॅमचे दुपारचे तास.
मिस फॅरलॅम म्हणजे ती,
जी न बोलणाऱ्या मुलाशेजारी बसून
रोज तेच शिंपले मोजते,
आणि रोज एकोणीसच भरले की खूश होते.

अग्न्येश्का उठते.
मासळीच्या कारखान्यातून थेट आलेली,
टोपीच्या जाळीचा वळ अजून कपाळावर.
"माझा यात हितसंबंध आहे," म्हणते.
वाक्य बसमध्ये घोकलं असावं.
हितसंबंध. साडेसहा वर्षांचा, डावखुरा,
परवा पहिल्यांदा 'दार' म्हणालेला हितसंबंध.
ती बाहेर जाते.
दार आवाज न करता लावून घेते.

हात वर झाले, मी मोजले.
चार विरुद्ध चार.
अशा वेळी अध्यक्षांना दुसरं मत असतं.
पहिलं तिने मिस फॅरलॅमला दिलं होतं,
मी पाहिलं होतं.
हिल्डाने चष्मा काढला, पुसला,
न घालताच बॉयलरसाठी हात वर केला,
पुरता वर नाही, कानाच्या पाळीपर्यंत,
वर्गात करंगळी दाखवणाऱ्या पोरीसारखा.
"त्रेचाळीस आहेत," म्हणाली,
कुणाला, कळलं नाही.
मुख्याध्यापिका रूटलेजबाईंनी
पाण्याच्या ग्लासाखालचा ओला गोल
बोटाने पुसत नेला टेबलाच्या कडेपर्यंत.

बोलवायला मी गेले.
खुंट्यांच्या ओळीखाली बाकावर अग्न्येश्का,
हातात कुणाचा तरी एकटा हातमोजा;
त्याचा जोडीदार कुठल्या खुंटीवर
ते नावं वाचत शोधत होती.
सापडला तेव्हा उठली.
मला काही विचारलं नाही.

आत आल्यावर निकाल तिने
डेस्मंडच्या मानेवरून वाचला.
त्याने आपला चहा तिच्यापुढे सरकवला;
ती त्या कपाकडे बघत राहिली, प्यायली नाही.
सात वाजून बावन्न मिनिटं, मी लिहिलं,
अ. व्होइचिक सभेत परत.

विषय क्रमांक आठ: पुढच्या फाटकाचा रंग.
हिरवा की निळा.
कुणी बोलेना. बॉयलर तेवढा
भिंतीमागे खोकत होता.
"निळा," अग्न्येश्का म्हणाली,
खणखणीत, शेवटच्या खुर्चीला ऐकू जाईल असं.
"हिरवा गवतात दिसत नाही. मुलांना
फाटक लांबून दिसलं पाहिजे."

नऊ हात.
मी लिहिलं: एकमताने.