दमाचा रकाना

वाढोण्याचं जिन भंगारात काढलं
तेव्हा यादी करायला सोसायटीने मला पाठवलं.
रेचे चोवीस. पट्टे, कुजलेले. काटा एक, दांडी वाकडी.
काट्याच्या खोलीत फळीवर
लाल कापडी पुठ्ठ्याची वही : आवक, हंगाम १९५२–५३.

पानं उलटत गेलो. बंडीवाल्यांची नावं,
मण, शेर, ओलाव्याची कटती.
ता. ८ फेब्रुवारी, रविवार. आवक निरंक.
आणि त्याखाली, कॉपिंग पेन्सिलीने,
त्याच रकान्यांत दाबून बसवलेला
हुतुतूचा इनामी सामना : जिन विरुद्ध मिल.
इनाम रुपये ५१. दोन्हीकडच्या गड्यांस रोजी बारा आणे.
लिहिणार, बोबडे मापारी.

बोबड्यांनी शेतकऱ्याच्या जागी गडी लिहिला,
मणाच्या जागी चढाया, शेराच्या जागी गुण,
कटतीच्या जागी बाद.
सुकलाल चौधरी, चढाया ९, गुण ७, बाद ३.
रहमतुल्ला फिटर, चढाया ८, गुण ६, बाद ४.
मडावी धाकटा, चढाया ५, गुण ५. शेरा : ढोपर फुटले, राख भरली.
उकंडा जांभुळे, सरकीवाला,
चढाया १२, गुण ०, बाद ०.

शून्य मापाऱ्याने छान गोल काढलंय.
बारा वेळा माणूस पलीकडे गेला
आणि रिकाम्या बंडीसारखा रिकामाच आला.
मला हसू आलं. म्हटलं, याले बारा आणे कायचे?

मग शेवटचा रकाना दिसला.
छापील नव्हता. पट्टी न लावता ओढलेला,
डोक्यावर एक शब्द : दम.
मॅनेजरचं घड्याळ मागून घेतलं असणार.
सुकलाल, ११ सेकंद. रहमतुल्ला, १४.
उकंडा : ३१, ३६, ३३, ४०, ३८…

मध्यंतराला जिन एका गुणाने वर.
त्यानंतर जिनची पाळी आली की तोच.
निदानरेषा शिवायची आणि उभं राहायचं.
कुणाला हात लावायचा नाही, कुणाचा लागू द्यायचा नाही,
जिभेवर हुतुतुतुतु,
रेच्यातून सरकी गळते तसं, एकसारखं,
आणि त्याबरोबर मिलवाल्यांची वेळ गळत गेली.

समासात त्यांच्या कप्तानाची तक्रार, बोलली तशी उतरवलेली :
'हा खेळून राह्यला का जप करून राह्यला?'
पंचाचा निकाल : दम तुटला नाही. चालू.

उकंडा.
आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून
उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचलून आणलेल्या पोराचं नाव.
पुढे दिवसभर रेच्यांच्या तोंडाशी, नाकातोंडात रुई.
एवढी हवा त्याने कुठे साठवली होती,
त्याचा रकाना बोबड्यांनाही सुचला नाही.

बेरीज : जिन २३, मिल २२.
वाटप सगळ्यांना सारखं. उकंड्यापुढे मात्र
'दोन आणे जादा',
आणि ते कुणाच्या खात्यातून, ते खोडलेलं.

मी खोलीचं दार लोटलं,
मोबाइलवर सेकंद लावले आणि म्हणून पाहिलं.
सतरा.
बाहेरून भंगारवाला, 'साहेब, कोनासंग बोलून राह्यले?'
त्याला सांगितलं, काटा मोजतोय.

अकरा चढायांचे आकडे आहेत.
बाराव्यापुढे जागा कोरी,
खाली बारीक अक्षरात :
घड्याळास चावी देणेचे राहिले.

शिट्टी वाजल्याची नोंद आहे.
तो परत रेषेवर आल्याची नाही.