कूस

अंडं उचलायचं, डोळा मिटायचा,
मिटल्या पापणीवर टेकवायचं.
चटका बसला तर घुमटाचा झरोका उघडा,
गार लागलं तर दिव्यात रॉकेल घाला.
आमच्या घराण्यात थर्मामीटर
चेहऱ्यावरच घेऊन जन्मतात.
भावानं दम्मामहून पाठवलेला, आकडे दाखवणारा,
अजून खोक्यातच आहे.
बाबा म्हणाले, त्याला पापणी कुठाय?

मन्सूराच्या रस्त्याला, बरसीमच्या शेताआड,
मातीची ही भट्टी. रांगत शिरावं एवढंच दार.
आत सात हजार अंडी,
प्रत्येकावर एका बाजूला कोळशाची रेघ.
रेघ वर, रेघ खाली, रेघ वर.
गुडघ्यांवर बसून मी सगळ्यांची कूस बदलते,
दिवसातून तीनदा. चारदा नाही.
आकडा विषम हवा,
नाहीतर लांबलचक रात्र रोज एकाच अंगावर पडते
आणि एका अंगावर पडून राहिलं
की चिकटतंच कुणीही कवचाला.

मग घरी.
रमजानच्या आधी बाबांचा खुबा मोडला.
डॉक्टर शफीका सांगून गेली,
दर दोन तासांनी कूस बदला, पाठ सोलवटेल.
मी त्यांच्या खांद्याखाली हात घालते, तोच हात.
एकदा पेंगत होते, सदऱ्यावर कोळशाचा पट्टा उमटला.
बाबांनी मान वाकडी करून पाहिलं:
"ही बाजू वरची का खालची, अतियात?"

अठराव्या दिवशी हात थांबवायचे.
अंड्याच्या रुंद टोकाशी हवेची एक वाटी असते,
आतला जीव तिकडं चोच वळवत असतो.
वर कुठं, हे आता त्याचं त्यानं ठरवलेलं.
तुम्ही फिरवलंत की वाट चुकते.

पहिल्या वर्षी मी फिरवली होती.
चारशे.
वाटलं, आणखी एकदा, काय बिघडतं?
बाबा ओरडले नाहीत. ओट्यावर बसवून
एकेक फोडून दाखवलं:
ओली पिसं, मिटले डोळे, चोच भलत्याच टोकाला.
"कुठं थांबायचं ते कळायला
तुला चारशे लागली," म्हणाले,
"मला नऊशे लागली होती."

आज एकोणिसावी रात्र.
भट्टीत मला काम नाही, नुसतं बसायचं.
हात ऐकत नाहीत.
चुलीवरची भाकर चारदा उलटली,
धुतलेले पेले पालथे केले, पुन्हा उताणे,
मसुरातले खडे दोनदा निवडले.

दोन वाजता बाबांजवळ गेले.
"नको आज," म्हणाले. "राहू दे."
भिंतीकडं तोंड.
खांद्याचं हाड सदऱ्यातून वर आलेलं.
मी हात मागं घेतले.
बराच वेळ उभी होते, दिव्याची वात फुरफुरत होती.
अठरावा का एकोणिसावा,
यांच्यावर कुणी तारीख लिहिलेली नाही.
मग म्हटलं, तुम्ही काही अंडं नाही.
आणि वळवलं.
कण्हले, मला एक शिवी घातली,
उशी मागितली, तीही चुकीची दिली म्हणून आणखी एक.

निघताना वाकले,
डोळा मिटला,
पापणी त्यांच्या कपाळाला टेकवली.
चटका नाही. गारही नाही.
झरोका होता तसाच ठेवला.