वाळलेलं पान

चैत्र सरत आला तरी वहीत
फेब्रुवारीचीच तारीख.
खाली अर्धं वाक्य, ‘आज कुंभारीहून येताना’,
मग नुसत्या रेघा.
येताना काय, ते आता मलाही आठवत नाही.

विडी घरकुलात पाचव्या दिवशी पाणी आलं,
रात्री दोनला.
घागरी भरल्या, पातेली भरली,
चहाचे कपसुद्धा.
भरायला हल्ली एवढंच जमतं.

शेजारच्या नरसव्वानं मात्र पहिला तांब्या
तेंदूच्या पुड्यावर ओतला,
वरून ओलं पोतं.
“वाळलेलं पान वळत नाही बघ, मोडतंय.
भिजू दे की.”
आणि झोपली खुशाल,
हजार विड्या वळायच्या बाकी असताना.

सकाळी सातलाच भिंती तापलेल्या.
पलीकडच्या गल्लीत मागांचा खडखडाट,
उंबऱ्यात तिची कात्री.
एक पान कडेला फाटकं निघालं,
ते तिनं टाकलं नाही,
दुसऱ्याच्या पोटात सरकवून वळलं.

मीही ते अर्धं वाक्य खोडलं नाही.
खाली लिहिलं :
पाणी आलं, रात्री दोनला.

सुपातून मान वर न करता
नरसव्वा म्हणाली, “किती झाल्या गं?”

एक, म्हटलं.