ब्र

अहवालात लिहिलंय: शब्द, शून्य.
खाली सही, सहीखाली पदवी,
पदवीखाली फर्लाँग बाईंचा शिक्का.
पाऊण तासात ब्र काढला नाही त्याने, मिसेस डेव्हरू.

अहो, काढतो तो ब्रच काढतो.
पहाटे पावणेपाचला लॉर्कन दुधाचा टँकर सुरू करतो
आणि कॉर्मक, सात वर्षांचा, अनवाणी,
खिडकीच्या काचेला तळवा लावून म्हणतो,
ब्र.
काच थरथरते ती त्याच्या हाताला लागते.
टँकर स्लेनीच्या पुलापलीकडे गेला
की तळवा काढतो.
काचेवर पाच बोटं उरतात, वाफेची.
मी ती पुसत नाही. शनिवारी पुसते.

चित्रांच्या यंत्रावर त्याला विचारलं, हा कोण?
बापाचा फोटो, लग्नातला, टाय लावलेला.
त्याने दूध दाबलं.
यंत्र कुठल्याशा परक्या मुलाच्या आवाजात बोललं: दूध.
उत्तर चूक, अशी नोंद झाली.
मी म्हणाले, अहो, बरोबर आहे.
बाईंनी तोवर पेनाला टोपण लावलं होतं.

शाळा मिळायची तर आधी नकार मिळवावे लागतात,
हे मला एनिस्कॉर्थीच्या पोस्टातल्या रांगेत एका बाईने सांगितलं,
जिच्या मुलीचे अकरा झाले होते.
तोंडी नकार धरत नाहीत. लेटरहेडवर हवा, तारखेसकट.
म्हणून मी उंबरठे झिजवले ते असे:
गुड मॉर्निंग, माझ्या मुलाला घेणार नाही
असं जरा लिहून द्याल का?
एका मुख्याध्यापिकेने रडत लिहून दिलं.
एकाने दोनदा, पहिल्यात कॉर्मकची मुलगी झाली होती.
एका शाळेत तर खास वर्गाची खोली तयार,
रंगवलेली, मऊ कोपऱ्यांची, मी स्वतः पाहिली.
आत फोटोकॉपीचं मशीन होतं.
शिक्षक मंजूर होत नाही, ते म्हणाले.
मशीन झालं होतं.
नऊ जमले. निळी फाईल.
आमच्या घरात कुणाचं प्रगतिपुस्तक इतकं जपलं नाही.

अपिलाची सुनावणी हॉटेलात, लग्नाच्या हॉलशेजारच्या खोलीत.
तिघे जण, पाण्याचा जग, पेपरमिंटची बशी.
त्याला सांभाळायला कोणी नव्हतं, सोबत नेला.
मी बोलले. अठरा मिनिटं. कलमं पाठ करून गेले होते,
ती संपली
आणि जिभेवर नुसतं पेपरमिंट उरलं.
तेवढ्यात मागच्या अंगणात लाँड्रीची व्हॅन सुरू झाली.
त्याने अध्यक्षांच्या पाठीमागच्या काचेला तळवा लावला.
ब्र.
काय म्हणाला तो?
वडील कामावर गेले, मी म्हणाले.
अध्यक्षांनी काहीतरी लिहिलं. उलटं वाचता येतं मला,
या दोन वर्षांत शिकले,
पण त्यांचं अक्षर डॉक्टरी.

निर्णय लेखी कळवू.

आज सोळावा दिवस.
साडेदहा झालेत, लॉर्कन केव्हाच गेलाय,
आणि हा अजून खिडकीत.
ब्र, म्हणाला, पण आखूड,
शेवटाला जरा वर गेलेला.
टँकरचा नव्हे. एवढा फरक कळायला मला सात वर्षं लागली.
हातातली भांडी सोडून दाराशी गेले
तेव्हा कुठे पोस्टाची हिरवी गाडी वळणावर दिसली.

लिफाफा जाड आहे.
नकार आजवर एकाच कागदावर मावत आले.
फोडते. आधी चहा ठेवते, मग फोडते.
तो यंत्रावर दूध दाबतो, पुन्हा दाबतो,
आणि मला खरंच कळत नाही,
चहासाठी म्हणतोय
की बापाला बोलावतोय.