दुभाषी

सेक्टर बारातल्या माझ्या दुकानात
रेहेमा आईला घेऊन आली.
टांगाहून. पायांवर अजून विमानाची सूज.

तीन वर्षांपूर्वी हीच पोर
जिऱ्याकडे नुसतं बोट दाखवायची.
आज म्हणे, "हे आमचं खारघर,"
आणि कोरडाठाक पांडवकडा असा दाखवला,
जणू तिच्याच आजोबांनी आणून ठेवलाय.

तांदळाची घासाघीस मराठीत केली,
माझ्याशी,
पण आईला नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

तेवढ्यात आईच पुढे वाकली:
"साबुनी."
मी साबण काढून दिला.
"चाय?"
चहापूड दिली.

मधे रेहेमा,
सांगायला उघडलेलं तोंड तसंच.
आम्ही दोघी बाया
तिच्या डोक्यावरून हसत सुटलो.

रात्री गल्ला जुळेना.
साबणाचे पैसे
घ्यायचेच राहिले होते.