घट

सोहारच्या हॉस्पिटलला मागच्या बाजूनं एक फाटक आहे.
पहाटे चारला तिथं माझा काटा लागतो.
त्यावर आता नुसते आकडे उमटतात, लाल,
पण मी काटाच म्हणतो.
श्रीवर्धनला बाबाही म्हणायचे, सुपारीच्या वखारीत.

पिवळ्या पिशव्या. आत काय, ते विचारायचं नसतं,
वजन विचारायचं.
सोमवारी एकशे ब्याऐंशी किलो.
गुलजमान ट्रक घेऊन गेला,
भट्टीवरची पावती दुपारी आली: एकशे एक्केचाळीस.

अशी पहिली पावती आली तेव्हा मी फोन केला होता.
साहेब हसले. रऊफ, बाहेर ऊन बघितलंस ना?
सुकतं रे. घट लिही.

घट मला ठाऊक आहे.
ओली सुपारी किती दिवसांत किती उतरते
हे बाबांना मुठीत धरून कळायचं,
आणि तेवढीच ते वजा करायचे, गुंजभरही जास्त नाही.
पण काच सुकत नाही.
सलाईनची नळी सुकत नाही.
आणि जानेवारीत तर काहीच सुकत नाही.
जानेवारीतही मी घट लिहिली आहे,
सुवाच्य अक्षरात.

गुलजमानला मी विचारत नाही.
त्याच्या चाकांत कधी कधी वाळू अडकलेली असते.
भट्टीपर्यंत डांबर आहे.

हॉस्पिटलनं काम कंपनीला दिलं.
कंपनीला किलोमागे मिळतात, भट्टीला किलोमागे द्यावे लागतात,
मधल्या एक्केचाळिसाचं गणित तिसरीतलं पोर करील.
माणसं कंपनीची नाहीत, दुसऱ्या एकीची.
त्यांचा व्हिसा तिसरीचा.
कोठीतला एसी महिनाभर बंद:
हॉस्पिटल म्हणतं, कंपनीचा.
कंपनी म्हणते, भिंत हॉस्पिटलची.
वास कुणालाच न विचारता येतो.

मोफिजुलला सुई टोचली मंगळवारी.
डब्यात असायची ती पिशवीत होती.
हातात मोजा होता, भांडी घासायचा.
त्यानं बोट तोंडात घातलं, लहान मूल घालतं तसं,
आणि मी ओरडलो.

त्याला घेऊन पुढच्या दारानं गेलो.
तीन वर्षांत पहिल्यांदा.
काच आपोआप सरकली, गार हवा आली,
मोफिजुलनं चपला काढल्या.
खिडकीतल्या मुलीनं विचारलं, कोणाचा माणूस?
मी एक नाव सांगितलं. नाही म्हणाली.
दुसरं सांगितलं. मग तिसरं.
इथंच काम करतो हा, म्हटलं, मागे.
तिनं पडद्यावर 'मागे' शोधलं.
नव्हतं.

बहात्तर तासांच्या आत औषध पोटात जावं लागतं.
भिंतीवरच्या घड्याळात एक काटा फिरत होता,
त्याला कुणाची सही लागत नव्हती.

रात्री लिसी सिस्टर फाटकाशी आली,
गोळ्यांचं पाकीट रुमालात बांधून.
मोबाईलच्या उजेडात रक्त काढलं,
घरी गेलेल्या कुणा म्हाताऱ्याच्या नावावर.
माझ्याकडे बघून म्हणाली, तू काही पाहिलं नाहीस.
मग सुई डब्यात टाकली
आणि झाकण कट् वाजेपर्यंत दाबलं.

तो डबा आज माझ्या काट्यावर आला.
मोफिजुलनंच ठेवला, डाव्या हातानं.
एकशे शहात्तर.
त्यात ती एक सुई किती, ते काट्याला कळत नाही.

दुपारची पावती: एकशे अडतीस.
घटीचा रकाना मी कोरा ठेवला आहे.
साहेबांचा फोन येतोय,
टेबलावर थरथरत, कडेकडे सरकत.

वखारीत बाबांचा एक नियम होता.
काटा थांबेपर्यंत
कुणी बोलायचं नाही.