ग्लुखोय

पिनेगाच्या काठी, करवतीच्या गिरणीत
एकोणचाळीस वर्षं ओंडके चिरून
त्यात्या घरी आला तो गिरणी कानात घेऊनच.
त्यात्या म्हणजे बाप. उत्तरेकडची जुनी माणसं असंच म्हणतात.

सायकलवरून आलेली नर्स कार्डावर एकच शब्द लिहून गेली :
ग्लुखोय. बहिरा.
त्याने चष्मा पुसला, कार्ड लांब धरलं,
"अगं, हे तर आपल्या गावाचंच विशेषण."

खरंच. जिथे रस्ता संपतो,
टपाल आठवड्यातून एकदा, तेही चिखल नसेल तर,
त्या गावाला आमची भाषा बहिरं म्हणते.
रात्र मध्यावर आली की बहिरी.
पानं गळून गेलेली, हिम अजून नाही,
ते मधले दिवसही बहिरे.
कुंपणाशी एक झुडूप येतं, खाजरीसारखंच दिसतं
पण हात लावला तर डसत नाही : बहिरी खाजरी.
तिच्या पांढऱ्या फुलांच्या बुडातला मध
मी लहानपणी चोखला आहे.
शब्दाचं मूळ कुठलं, ते कोशालाही नक्की ठाऊक नाही.

आणि खिडकी नसलेली भिंत.
भिंतीला कान असतात म्हणे;
आमच्या उत्तरेच्या भिंतीला नव्हते.
मे महिन्यात त्यात्याने ती कापली.
शेजारचा येव्लाम्पी ओरडत होता,
वेडा झालास, वारा आत घेशील!
ओरडणं कोणासाठी, देव जाणे.
संध्याकाळी काच बसली, जराशी तिरकी.
आता फाटक वाजलेलं त्याला दिसतं.

ग्लुखार नावाचा एक थोराड काळा पक्षी आहे.
पहाटे मादीसाठी गातो
आणि गाण्याच्या शेवटच्या तीन-चार क्षणांत
त्याला काहीच ऐकू येत नाही.
शिकारी तेवढ्यातच दोन पावलं टाकतो,
मग थांबतो, एक पाय वर राहिला तरी.
हे मला त्यात्यानेच शिकवलं.
परवा तो रंधा मारत गुणगुणत होता, पाठ माझ्याकडे.
मी दोन पावलं टाकली. थांबले.
आणि माझीच मला लाज वाटली.
मग टाच आपटली फळीवर,
त्याच्या तळपायांना कळेल इतकी.

शाळेत मी व्याकरण शिकवते.
ब, द, ग, झ : ही घंटेची अक्षरं.
प, त, क, स, फ : ही बहिरी.
मुलं गळ्यावर बोटं ठेवून पारखतात, घुमतं का.
गिरणीने त्याच्याकडून नेमकी बहिरीच नेली.
माझं नाव फ्योक्ला.
त्याच्यापर्यंत पोचते ती योला.

काल त्याचा तळवा माझ्या गळ्याशी धरून
मी नाव उच्चारलं, सावकाश.
भुशाचा वास, अंगठ्याला जुना व्रण.
"फ घुमला नाही," तो म्हणाला. "क पण नाही."
आणि डोळा मिचकावून,
"म्हणजे अर्धं नाव तूही नुसत्या वाऱ्यावरच सोडतेस."

दारातून मी हाक मारते, त्यात्या.
त्याला ऐकू येत असेल, या… या…
आमच्या भाषेत 'या' म्हणजे मी.
मी, मी, म्हणतंय कोणीतरी दाराशी.
तो न वळता म्हणतो,
"कळलं. ये आत. चहा ओत."